शंभर टक्क्यांचा हट्ट

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर अप्पा राहतात. मी दुसऱ्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या खाली. त्यांच्या घरात खुर्ची सरकली तरी मला कळतं, आणि जे कळत नाही ते काकू जिन्यात उभ्या राहून सांगतात. ही हकिकत मला निम्मी काकूंकडून, निम्मी त्यांच्या सुनेकडून आणि उरलेली खुद्द अप्पांकडून कळली. हे गणित जमत नाही हे मलाही दिसतंय, पण त्या घरात तिघंही एकाच वेळी बोलतात, त्याला मी काय करू.

अप्पांनी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. फोन, तारा, ऑपरेटर यांच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. तळघरात बॅटरीची खोली होती, तिथे ते असायचे. शिशाच्या चोवीस बॅटऱ्या, एकेक माणसाच्या कमरेएवढी उंच, दोन रांगांत उभ्या. वीज गेली तरी शहरातले फोन चालू राहायचे ते या चोवीस जणींच्या जिवावर. रोज सकाळी अप्पा प्रत्येकीचं झाकण उघडून आतलं ॲसिड किती दाट आहे ते मोजायचे, व्होल्टेज मोजायचे, पाणी कमी दिसलं तर डिस्टिल्ड वॉटर घालायचे आणि सगळं वहीत उतरवायचे. या पाणी घालण्यावरून ऑफिसात त्यांना ‘पाणक्या’ म्हणत. अप्पांना त्याचा राग नव्हता. साहेब बदलले, यंत्रं बदलली, पण एकतीस वर्षांत आपल्या खोलीमुळे एकही फोन बंद पडला नाही, हे ते अजून छाती काढून सांगतात. ॲसिडच्या शिंतोड्यांनी त्यांच्या प्रत्येक शर्टाला बारीक भोकं पडलेली असायची. काकू म्हणतात, “यांचे शर्ट वाळत घातले की शेजारणी विचारायच्या, घरात उंदीर फार झालेत का.”

त्या खोलीचा कायदा एकच होता. बॅटरी कायम भरलेली पाहिजे. रिकामी राहिली की आतून खराब होते आणि मग कितीही भरा, उपयोग नाही. हा कायदा अप्पांच्या अंगात इतका मुरला की निवृत्त झाल्यावरही गेला नाही. पहिल्या वर्षी त्यांनी घरातले सगळे सेल मोजून काढले. टॉर्चचे, रिमोटचे, भिंतीवरच्या घड्याळाचे. घड्याळ बंद पडायच्या आधीच सेल बदलला जायचा. मग मोजायला काही उरलं नाही आणि ते काकूंच्या स्वयंपाकात लक्ष घालू लागले. काकू हवालदिल झाल्या.

त्यातून सुटका झाली ती सुनेमुळे. अप्पांचा मुलगा बोटीवर असतो, वर्षातले सहा-सात महिने समुद्रात. सून कानांची तपासणी करते. एरवी दवाखान्यात, पण आठवड्यातले दोन दिवस ती शाळांमध्ये जाते. मुलाच्या कानाला हेडफोन लावायचा, लॅपटॉपमधून बारीक-मोठे आवाज सोडायचे, ऐकू आला की मुलाने हात वर करायचा, आणि लॅपटॉपवर त्याचा आलेख तयार होतो. या कामाला शांत खोली लागते, आणि शाळेत शांत खोली म्हणजे बहुतेक वेळा जुन्या बाकांची अडगळ. तिथे सॉकेट नसतो. असला तरी चार्जर लावला की हेडफोनमध्ये बारीक घरघर येते. म्हणून सगळी तपासणी बॅटरीवरच करावी लागते.

लॅपटॉप तिचा स्वतःचा होता, नवा कोरा. एक दिवस ती चार्जिंगला लावायला विसरली आणि ऐनवेळी धावपळ झाली. अप्पांचे डोळे चमकले.

“चार्जिंगचं माझ्यावर सोड,” ते म्हणाले. “तू फक्त निघताना उचलायचा आणि आल्यावर माझ्या हातात द्यायचा.”

सुनेला बरंच वाटलं. काकूंना तर फारच बरं वाटलं. पॅसेजमध्ये सॉकेटच्या शेजारी एक फळी होती, तिथे लॅपटॉपची जागा ठरली. झाकण मिटलेलं, पण आत चालू, चार्जर लावलेला. धूळ बसू नये म्हणून काकूंनी त्याला कापूस भरलेली जाड खोळ शिवली, निळ्या फुलांची, चार्जरची वायर जायला बाजूला काजं केलेली. शाळेचे दोन दिवस सोडले तर लॅपटॉप चोवीस तास त्या खोळीत, चार्जर लावून. अप्पांनी नवी वही घातली. रोज सकाळी सात वाजता खोळ वर करायची, टक्के बघायचे, लिहायचे. शंभर. शंभर. शंभर. सगळी पानं शंभरांनी भरली. दुसरा कुणी कंटाळला असता. अप्पांना ते आकडे बघून झोप चांगली लागायची.

असं दीड वर्ष चाललं. मग एका बुधवारी गडबड झाली.

सून एका शाळेत तिसरीच्या वर्गाचे कान तपासत होती. अडतीस मुलं रांगेत. बारावा मुलगा हेडफोन लावून बसला होता. लॅपटॉपवर चौतीस टक्के बॅटरी दिसत होती, आणि दिसता दिसता पडदा काळा झाला. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. तो मुलगा मात्र हात वर करूनच बसला होता. सून म्हणाली, “बाळा, हात खाली घे.” तो म्हणाला, “पण मला अजून ऐकू येतंय.”

वर्गातली मुलं हसली, बाई हसल्या, सूनही हसली. पण सत्तावीस मुलांना परत पाठवावं लागलं आणि शाळेची पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली.

घरी येऊन ती बॅग ठेवता ठेवता म्हणाली, “अप्पा, बॅटरी गेली वाटतं.”

अप्पा खुर्चीतून उठले. “बॅटरी जात नसते,” ते म्हणाले. “बॅटरी घालवतात. मी सकाळी शंभर टक्के भरून दिली होती. वहीत आहे.”

सून हातपाय धुवायला गेली ती जरा जास्तच वेळ आत राहिली. काकूंच्या ते लक्षात आलं. अप्पांच्या नाही. ते तोवर मल्टिमीटर शोधायला लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून तपास सुरू झाला. आधी मोजायचं, मग बोलायचं, ही अप्पांची पद्धत. आदल्या संध्याकाळी ती उलटी झाली होती, पण ते त्यांना कोण सांगणार. पहिला संशय सॉकेटवर. त्यात टेबललॅम्प लावून बघितला, लख्ख पेटला. मल्टिमीटरनेही वीज बरोबर दाखवली. मग चार्जर. त्यावर साडेएकोणीस व्होल्ट छापलेले होते. पिनेच्या टोकाला मोजले तर एकोणीस पूर्णांक चार भरले. वायर पिळून, वाकवून, उलटी-सुलटी करून पाहिली, काटा हलला नाही. चार्जर निर्दोष सुटला.

“मग शाळेतच काहीतरी होत असणार,” अप्पा जेवताना म्हणाले. “तू पडद्याचा उजेड किती ठेवतेस? एका वेळी किती खिडक्या उघड्या असतात?”

“एकच अप्पा. कानाची.”

“हं,” अप्पा म्हणाले. त्या ‘हं’मध्ये बराच संशय होता.

शुक्रवारी त्यांनी बॅटरी उतरवायची परीक्षा घेतली. त्यांच्या खोलीत हे वर्षातून एकदा व्हायचं. बॅटरीवर ठरलेला भार टाकायचा आणि ती किती वेळ तग धरते ते घड्याळ लावून बघायचं. इथे भार म्हणून त्यांनी दोन तासांचा एक व्हिडिओ निवडला. काचेच्या टाकीत रंगीत मासे इकडून तिकडे जातात, एवढंच त्यात होतं. लॅपटॉप शंभर टक्के भरला, चार्जर काढला, उजेड निम्म्यावर ठेवला आणि अप्पा वही, पेन आणि मनगटी घड्याळ घेऊन समोर बसले. दर पाच मिनिटांनी नोंद.

काकू दारातून बघत होत्या. “मला आयुष्यात तीन सिनेमे दाखवले,” त्या मला नंतर म्हणाल्या, “आणि स्वतः दोन तास मासे बघत बसले.”

दोन तास काही बसावं लागलं नाही. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला, छत्तीस टक्के शिल्लक असताना, मासे गुडुप झाले. पुन्हा भरून पुन्हा बघितलं. एक्केचाळीस मिनिटं, तेहतीस टक्के.

“टक्के खोटं बोलतायत,” अप्पांनी जाहीर केलं. ते त्यातल्या त्यात खूश दिसले. मोजमाप चुकीचं असेल तर बॅटरी वाचते. कधी कधी लॅपटॉपचा अंदाज चुकतो, एकदा पार रिकामी करून सलग पूर्ण भरली की तो ताळ्यावर येतो, हे त्यांना मुलाने बोटीवरून फोनवर सांगितलं. तसं केलं. तिसऱ्या वेळी एकोणचाळीस मिनिटं. म्हणजे टक्के खोटं बोलत होते हे खरं, पण बॅटरीही दिवसेंदिवस खंगत होती हेही तितकंच खरं.

शनिवारी सकाळी ते लॅपटॉप पुसत होते, तेव्हा तो टेबलावर डुगडुगला. अप्पांनी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घातली. तरी डुगडुगला. तो उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. तिथेही तेच. मग जमिनीवर.

“घरातली सगळी जमीन आजच वाकडी झाली का?” काकूंनी विचारलं.

अप्पा गुडघे टेकून वाकले होते. पडद्याखालचा तो चौकोन, ज्यावर बोट फिरवतात, तोही दाबला जात नव्हता. जणू खालून कुणीतरी त्याला ढकलून धरलं होतं. त्यांनी लॅपटॉप बंद केला आणि अलगद उलटा केला. काकू चष्मा लावून पुढे आल्या.

“पोट फुगलंय त्याचं,” त्या म्हणाल्या.

खरंच फुगलं होतं. खालचं झाकण मधोमध पुरीसारखं किंचित वर आलं होतं. अप्पांनी चार्जर भिंतीतून ओढून काढला. फुगलेली बॅटरी म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ती शिशाची असो की आणखी कशाची, फुगली की तिला दाबायचं नाही, टोचायचं नाही, आणि वीज तर द्यायचीच नाही. “आता हिला कुणी हात लावायचा नाही,” ते म्हणाले आणि स्वतःच हात लावून लॅपटॉप परातीत ठेवला. परात का, तर पेट घेतलाच तर खाली धातू असावा म्हणून. ती परात दोन्ही हातांत धरून ते जिना उतरले आणि रस्त्याने चालू लागले. वाटेत तिघांनी विचारलं, काय आहे. अप्पांनी कुणालाच उत्तर दिलं नाही.

कोपऱ्यावर एक दुकान आहे, अर्धं किल्ल्या करणाऱ्याचं आणि अर्धं त्याच्या बायकोचं. ती लॅपटॉप दुरुस्त करते. वडील घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांच्याकडून तिने बारीक काम उचललं. अंबाड्यात कायम एक चिमटा खोचलेला असतो, म्हणून सगळा रस्ता तिला ‘चिमटा’ म्हणतो, नवरासुद्धा.

चिमट्याने परात बघितली, मग अप्पांकडे बघितलं. “काका, बरं केलंत असा आणलात. लोक बॅगेत कोंबून आणतात.”

तिने स्क्रू काढले, प्लास्टिकचं एक पातळ पातं झाकणाच्या कडेने फिरवलं आणि झाकण उचललं. आतली बॅटरी चपटी असायला हवी होती. ती छोट्या उशीसारखी झाली होती. चिमट्याने तिची पिन सोडवली, टोकाला चिकटपट्टी लावली, ती हळूच उचलली आणि दुकानाबाहेर वाळूची बादली होती तिच्यात नेऊन ठेवली. मग बॅटरीशिवायच लॅपटॉपला चार्जर जोडून तो सुरू केला.

“बॅटरी गेली तरी तिची कुंडली आत राहते,” ती म्हणाली. काळ्या खिडकीत तिने एक ओळ टाइप केली आणि पडद्यावर लांबलचक तक्ता आला. अप्पा पुढे सरकले. तक्ता म्हटला की त्यांना राहवत नाही. नवी असताना बॅटरीत किती वीज मावायची तो आकडा होता अठ्ठेचाळीस हजार. खाली दर आठवड्याचा आकडा, आणि प्रत्येक आठवड्याला तो थोडा थोडा उतरत गेलेला. शेवटचा बावीस हजार.

“पुष्कळ वापरली असणार,” अप्पा म्हणाले.

“तेच तर,” चिमटा म्हणाली. “वापरलीच नाहीये. हा दुसरा रकाना बघा. बॅटरीवर चालली ती आठवड्यातून दोन दिवस, काही तास. बाकी सगळा वेळ चार्जरवर. हा लॅपटॉप ठेवता कुठे?”

“पॅसेजमध्ये. फळीवर.”

“चार्जर?”

“लावलेला.”

“कायम?”

“कायम. शंभर टक्क्यांच्या खाली एक दिवस जाऊ दिली नाही.”

“आणि उघडाच असतो?”

“खोळ आहे. कापसाची. आमच्या घरात शिवलीय.”

चिमट्याने अंबाड्यातला चिमटा काढला आणि परत खोचला. तिची विचार करायची ती रीत आहे. “काका, कुणी घालवली नाही ही. भरून भरून गेली. हिला तुडुंब भरलेलं राहणं सोसत नाही. एखाद-दोन दिवस चालतं, पण महिनोन्‌महिने नाही. त्यात वरून ऊब. चाळीस ते ऐंशीच्या मध्ये खेळवली असती आणि मोकळ्या हवेत ठेवली असती, तर अजून तीन वर्षं गेली असती.”

“मी एकतीस वर्षं बॅटऱ्या सांभाळल्या,” अप्पा म्हणाले. “एक्स्चेंजच्या. चोवीस.”

“शिशाच्या?”

“शिशाच्या.”

“मग एकतीस वर्षं तुम्ही बरोबरच होतात. त्यांना रिकामं राहणं सोसत नाही. ही जात वेगळी, हिचं उलटं आहे.”

अप्पा किल्लीवाल्याच्या स्टुलावर बसले. किल्लीवाला कानशीने किल्ली घासत होता, तो मान वर न करता म्हणाला, “माझ्याकडे पण येतात काका असे. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लावतात आणि कुलपाला शिव्या देतात.”

नवी बॅटरी मागवायला तीन दिवस लागणार होते. अप्पा रिकामी परात काखेत मारून परत निघाले. घरी जायच्या आधी त्यांनी माझं दार वाजवलं आणि पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर सगळा प्रकार सांगितला आणि मग विचारलं, “का रे, आपण एखाद्याला उगाच बोललेलो असलो आणि चूक आपलीच निघाली, तर काय करतात?”

मी म्हटलं, “आमच्या घरी गप्प बसतात.”

त्यांना हसू आलं. “ते सोपं आहे,” ते म्हणाले. “बॅटरी जुनी झाली होती म्हटलं की झालं. चिमटा काही वर येऊन सांगणार नाही.” मग पेला खाली ठेवला. उठले आणि परात माझ्याकडेच विसरून वर गेले.

संध्याकाळी सून आली तेव्हा अप्पा टेबलाशी बसले होते, पुढ्यात वही उघडी.

“बस,” ते म्हणाले. “बॅटरी तू घालवली नाहीस. मी घालवली.”

सुनेला आधी कळलंच नाही. अप्पांनी तिला चिमट्याने सांगितलेलं सगळं सांगितलं. तक्ता, चार्जर, चाळीस-ऐंशी, ऊब. आकडा एकही चुकवला नाही. तिने वही ओढून घेतली आणि पानं उलटू लागली. शंभर, शंभर, शंभर. दीड वर्षाचे शंभर. एका पानावर अप्पांना ताप आला होता त्या दिवसाचं अक्षर वाकडं होतं, पण शंभर होताच.

“अप्पा, तुम्ही एकही दिवस चुकला नाहीत?”

“एकही नाही. तेच तर नडलं.”

ती पानं उलटत राहिली. मग वही मिटून म्हणाली, “त्या दिवशी मला वाईट वाटलं होतं. बॅटरीचं नाही. तुम्ही बोललात त्याचं.”

“कळलं मला. उशिरा कळलं.” अप्पांनी चष्मा काढून पुसला. “मोजायच्या आधी बोललो. पुन्हा नाही बोलणार.”

काकू दाराशी उभ्या होत्या. “अति तिथे माती,” त्या म्हणाल्या. “मी म्हणतच होते, सारखं सारखं भरू नका.”

“कधी म्हणत होतीस?”

“मनात म्हणत होते. आणि माझ्या खोळीचं नाव कुणी घ्यायचं नाही.”

“घेतलं नाही आई,” सून म्हणाली.

“घेणार होतात.”

मग तिघंही हसली. हे मला खाली ऐकू आलं.

नवी बॅटरी बसली. आता ती खरंच किती चालते हे शाळेत जायच्या आधी बघायला हवं होतं. अप्पा माशांचा व्हिडिओ शोधू लागले, तेव्हा सुनेने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. “भार टाकायचाच आहे ना? मग माझ्या कामाचाच टाकू. हेडफोन लावा.”

अप्पांच्या घरातला टीव्ही आमच्या घरात ऐकू येतो, आणि सून चार वर्षं त्यांच्या कानांच्या मागे लागली होती. अप्पा दर वेळी काहीतरी निमित्त काढून निसटायचे. या वेळी निमित्त नव्हतं. ते हेडफोन लावून बसले आणि आवाज आला की शाळकरी मुलासारखा हात वर करू लागले. एका हातात पेन होतंच, दर पाच मिनिटांनी ते बॅटरीची नोंद करत होते. सुनेने एक तपासणी दोनदा केली, मग काकूंना बसवलं, मग मला खालून बोलावून घेतलं. दोन तास उलटले. टक्के एका चालीने उतरत गेले, कुठे उडी नाही, कुठे खड्डा नाही. दोन तासांनी एकोणसाठ. अप्पांनी वहीत आलेख काढला तो पट्टीने मारल्यासारखा सरळ आला.

त्यांच्या कानांचा आलेख तेवढा सरळ नव्हता. वरच्या पट्टीतले बारीक आवाज दोन्ही कानांनी जवळजवळ सोडूनच दिले होते.

“म्हणजे मी हाक मारते ती यांना खरंच ऐकू येत नाही?” काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज हळवा झाला होता.

सुनेने आलेख नीट बघितला. “नाही आई, तुमचा आवाज या पट्टीत बसत नाही. तो त्यांना व्यवस्थित ऐकू येतो.”

अप्पांनी घाईघाईने वहीत डोकं घातलं.

ठरल्या तारखेला सून पुन्हा त्या शाळेत गेली आणि उरलेली सत्तावीस मुलं एका बैठकीत तपासली. त्यात शेवटून तिसरी एक मुलगी होती. वर्गात तिचं लक्षच नसतं, अशी बाईंची तक्रार. तिला डाव्या कानाने फारच कमी ऐकू येत होतं, आणि तिचा बाक भिंतीपाशी असा होता की बाईंच्या बाजूला नेमका तोच कान यायचा. बाईंनी तिला त्याच दिवशी दुसऱ्या टोकाला बसवलं आणि आईवडिलांना निरोप पाठवला. सुनेने घरी येऊन हे सांगितलं. अप्पांनी हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, “पंधरा दिवस आधी कळलं असतं ना?”

“दोन वर्षं कळलं नव्हतं अप्पा,” सून म्हणाली. “पंधरा दिवसांचं काय घेऊन बसलात. जेवा.”

ते जेवले. पण दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला उठून थेट चिमट्याच्या दुकानात गेले आणि म्हणाले, “मला ही नवी जात शिकायची आहे.”

चिमट्याला माणूस हवाच होता. तिच्याकडे बॅटऱ्यांचा ढीग साचलेला असतो. एकेकीला भरून, उतरवून, घड्याळ लावून बघायला तिला वेळ नसतो आणि तिच्या नवऱ्याला धीर नसतो. अप्पांकडे दोन्ही मुबलक. आता आठवड्यातल्या तीन सकाळी ते तिथे बसतात. काकूंनी त्यांना डबा करून द्यायला सुरुवात केली आहे आणि त्या तीन दिवशी स्वयंपाकघरात त्या गाणी म्हणतात. घरच्या लॅपटॉपची कमाल मर्यादा आता ऐंशी टक्क्यांवर बांधली आहे. पहिला आठवडाभर तो ऐंशीचा आकडा बघून अप्पांचा हात आपोआप चार्जरकडे जायचा, असं त्यांनी कबूल केलं. शाळेच्या दिवशी तेवढं सकाळी शंभर करतात, लगेच वापरायची असते म्हणून.

दुकानात त्यांची एक शिस्त आहे. गिऱ्हाईक आलं की ते लॅपटॉपला हात लावायच्या आधी पाच प्रश्न विचारतात. कुठे ठेवता, किती तास लावून ठेवता, गरम होतो का, डुगडुगतो का, चार्जर कुणाचा. उत्तरं लिहून घेतात, मान हलवतात, आणि काय झालं असेल ते मात्र अजिबात सांगत नाहीत. गिऱ्हाइकाने फारच आग्रह केला तर म्हणतात, “परवा या. मोजलेलं नाही अजून.” काही लोक चिडतात. एकाने तर चिमट्याला विचारलं, हे गृहस्थ मुके आहेत का.

गेल्या महिन्यात माझाही लॅपटॉप बिघडला. लावला तरी भरायचा नाही, मधेच भरायचा, मधेच थांबायचा. मी नवीन बॅटरी घ्यायची तयारी करून दुकानात गेलो. अप्पांनी मला ओळख न दाखवता पाचही प्रश्न विचारले आणि लॅपटॉप ठेवून घेतला. मी म्हटलं, “अप्पा, घरचा माणूस मी, मला तरी सांगा.” ते म्हणाले, “परवा ये.”

परवा गेलो. बॅटरी चार वेळा भरून उतरवली होती, चारही वेळा ठणठणीत. चार्जर ठणठणीत. अप्पांनी वही माझ्याकडे वळवून सगळे आकडे दाखवले. मग म्हणाले, “आता तुझ्या घरी चल.”

आम्ही दोघं घरी आलो. ते थेट माझ्या टेबलामागे वाकले, चार्जरची पिन सॉकेटमध्ये घातली आणि बोट लावून हलवली. पिन दातासारखी हलली. वर्षभर मी टेबल भिंतीकडे सरकवत होतो आणि दर वेळी टेबल त्या पिनेला दाबून सॉकेट थोडा थोडा सैल करत गेलं होतं.

“सॉकेट बदल,” अप्पा म्हणाले, “आणि टेबल चार बोटं पुढे घे.” मग गुडघ्यावर हात ठेवून उठले. त्यांना डबा खायला परत दुकानात जायचं होतं. त्या दिवशी काकूंनी दोघांना पुरेल एवढा दिला होता, कारण किल्लीवाल्याला त्यांच्या हातचं आवडतं. मी त्याच संध्याकाळी सॉकेट बदलून घेतला. टेबलही पुढे घेतलं आहे.